हायफन: द्यायचा कुठे, गाळायचा कुठे
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

इंग्रजी अर्ज, पत्रं आणि जाहिराती लिहिताना येणाऱ्या अडचणी वाचकांकडून मागवल्या होत्या. आलेल्या पत्रांत हायफनचीच तक्रार जास्त निघाली, म्हणून हा अंक त्यालाच दिला. इंग्रजी उदाहरणं देवनागरीत छापली आहेत. ती वाचताना शब्दांमधली मोकळी जागा आणि आडवी रेघ नीट बघावी, सगळं भांडण त्या दोघींचंच आहे.

आमच्या सोसायटीच्या पाटीवर 'को-ऑपरेटिव्ह' आहे, शिक्क्यावर 'कोऑपरेटिव्ह' आहे आणि पावतीपुस्तकावर 'को ऑपरेटिव्ह' असं तोडून छापलंय. बँकेत सह्यांचे अधिकार बदलायला गेलो, तर 'नाव जुळत नाही' म्हणून कागद परत आले. यातलं बरोबर कोणतं?
(गृहनिर्माण संस्थेचे सचिव, मुलुंड)

इथे व्याकरण काढू नका, नोंदणी प्रमाणपत्र काढा. संस्थेचं नाव हे विशेषनाम आहे. प्रमाणपत्रावर जसं आहे तसं ते सगळीकडे हवं: हायफन, 'हाउसिंग'नंतरची जागा, 'लिमिटेड' की 'लि.', सगळं. आधी शिक्का आणि लेटरहेड त्यावरहुकूम करून घ्या, मग पावतीपुस्तकं. पाटी सगळ्यात शेवटी बदलली तरी चालेल. बँकवाले गेटवर येऊन पाटी वाचत नाहीत.

प्रमाणपत्रावर बहुतेक हायफनच सापडेल, कारण आपल्या १९६०च्या राज्य कायद्याच्या इंग्रजी नावातच 'को-ऑपरेटिव्ह' आहे. ९७व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेच्या अनुच्छेद १९मध्ये सहकारी संस्थांचा उल्लेख आला, तोही हायफनसह. उलट केंद्रात २०२१ साली स्थापन झालेलं सहकार मंत्रालय इंग्रजीत 'मिनिस्ट्री ऑफ कोऑपरेशन' असं एकसंध लिहितं. म्हणजे भाषा म्हणून दोन्ही रूपं चालतात, तुमच्या नावापुरतं एकच चालतं.

मुळात ही रेघ आली कशाला? रोमन लिपीत हा शब्द सी-ओ-ओ-पी असा सुरू होतो आणि वाचणारा तो सरळ 'कूप' असा वाचतो. इंग्रजीत 'कूप' म्हणजे कोंबड्यांचं खुराडं. दोन 'ओ' वेगळे उच्चारायचे आहेत, एवढंच ती रेघ सांगते. 'द न्यूयॉर्कर' हे साप्ताहिक त्याऐवजी दुसऱ्या 'ओ'वर दोन टिंबं देतं, पण तो त्यांचा खास हट्ट आहे, आपण त्या वाटेला जाऊ नये. 'कोऑर्डिनेट' आता बहुतेक जण एकसंध लिहितात. 'को-ओनर' आणि 'को-ऑप' मात्र हायफननेच लिहावेत. 'को-वर्कर'मध्येही रेघ ठेवलेली बरी, नाहीतर पहिली तीन अक्षरं 'काउ' अशी वाचली जातात आणि सहकाऱ्याची गाय होते.

बायोडेटात 'फुल टाइम', 'वेल नोन', 'हायली मोटिव्हेटेड', 'प्रॉब्लेम सॉल्व्हिंग' असे शब्द आहेत. एका ठिकाणी हायफन घातला की सगळीकडे घालावासा वाटतो. एकच साधा नियम आहे का?
(नोकरी शोधणारी वाचक, भांडुप)

आहे. शब्द कुठला आहे त्यापेक्षा तो बसलाय कुठे ते बघायचं. दोन शब्द मिळून पुढे येणाऱ्या नामाचं एकच विशेषण होत असेल, तर मध्ये हायफन. तेच शब्द नामानंतर आले तर हायफन नाही. 'अ फुल-टाइम जॉब', पण 'आय वर्क फुल टाइम'. 'अ वेल-नोन सर्जन', पण 'द सर्जन इज वेल नोन'.

मराठी माणसाला हे विचित्र वाटतं, कारण आपल्याकडे हे काम विभक्ती करते. चोर बाजारातल्या दुकानदाराबद्दल 'ॲन ओल्ड फर्निचर डीलर' असं लिहिलं, तर जुनं काय, फर्निचर की माणूस? मराठीत 'जुन्या फर्निचरचा विक्रेता' आणि 'फर्निचरचा जुना विक्रेता' यांत घोटाळा होऊच शकत नाही, 'जुन्या' आणि 'जुना' या रूपांतच उत्तर आहे. समास असेल तर शिरोरेघ शब्दांना बांधून ठेवते. इंग्रजीत प्रत्ययही नाही आणि शिरोरेघही नाही. म्हणून 'ओल्ड-फर्निचर डीलर' अशी आडवी दोरी बांधावी लागते.

शंका आली की एक चाचणी करा. दोन्ही शब्द नामापुढे एकेक करून ठेवून बघा. 'फुल जॉब', 'टाइम जॉब': दोन्हींना अर्थ नाही, म्हणजे शब्द जोडीनेच राहणार, हायफन द्या. 'बिग रेड बस'मधून 'बिग बस' आणि 'रेड बस' दोन्ही निघतात, म्हणजे ती दोन स्वतंत्र विशेषणं आहेत, हायफन नको. 'डबल-डेकर बस'मध्ये 'डेकर बस' असं काही उरत नाही, तिथे हवा.

आता तुमच्या यादीतला फसवा शब्द. 'हायली मोटिव्हेटेड'मध्ये हायफन कधीही देऊ नका, नामाच्या आधीही नाही. 'ली'ने संपणारं क्रियाविशेषण आपण पुढच्या शब्दाला चिकटलेलो आहोत हे स्वतःच सांगतं, रेघ तिथे फुकट जाते. 'न्यूली बिल्ट फ्लॅट', 'हायली पेड ऑफिसर' यांचंही तसंच. आमच्याकडे तपासायला येणाऱ्या मजकुरात सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. फक्त 'ली' दिसली की लगेच गाळायचा असंही नाही, कारण 'फॅमिली' हे नाम आहे आणि 'फ्रेंडली' हे विशेषण. त्यामुळे 'फॅमिली-ओन्ड बिझनेस' आणि 'फ्रेंडली-लुकिंग डॉग' हायफननेच. 'व्हेरी'नंतरही हायफन लागत नाही.

'प्रॉब्लेम-सॉल्व्हिंग स्किल्स' हायफनने लिहा. 'युजर-फ्रेंडली', 'टॅक्स-फ्री', 'कॉस्ट-इफेक्टिव्ह' अशा नाम अधिक विशेषण जोड्या नामानंतर आल्या तरी बहुतेक शब्दकोश त्यांचा हायफन काढत नाहीत, तेव्हा त्या नेहमी जोडूनच लिहिलेल्या सुरक्षित. 'हार्ड-वर्किंग' ब्रिटिश, 'हार्डवर्किंग' अमेरिकी. बायोडेटा कुठल्या स्पेलिंगमध्ये आहे त्याप्रमाणे निवडा आणि पानभर तेच ठेवा.

रुळलेल्या नावांना मात्र त्रास देऊ नका. 'इन्कम टॅक्स रिटर्न', 'रिअल इस्टेट एजंट', 'सीनियर सिटिझन पास' यांत नियमाने हायफन बसतो, पण गैरसमज होण्याची शक्यताच नसल्याने कोणी देत नाही. विशेषनामांतही नको. 'साउथ मुंबई फ्लॅट'मध्ये मोठी अक्षरंच दोन शब्दांना एकत्र धरून ठेवतात.

चेकवर रक्कम इंग्रजीत लिहिताना 'ट्वेन्टी फाइव्ह'मध्ये हायफन नसला तर चेक परत येतो का? आणि एरवी आकड्यांमध्ये हायफन नेमका कुठे?
(हिशेबनीस, मशीद बंदर)

चेक वटण्याशी हायफनचा संबंध नाही. आकडी आणि अक्षरी रक्कम जुळली पाहिजे. १८८१च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १८नुसार दोन्हींत फरक असेल तर अक्षरी रक्कम धरायची असते, पण व्यवहारात फरक दिसला की बँक चेक परतच पाठवते.

लिखाणाचा नियम असा: २१ ते ९९ यांमधल्या जोडसंख्यांना हायफन, बाकी कशाला नाही. 'वन हंड्रेड अँड ट्वेन्टी-फाइव्ह', 'टू लाख थर्टी-फोर थाउजंड'. शंभर, हजार, लाख यांच्या आजूबाजूला रेघ येत नाही. अपूर्णांक अक्षरी लिहिताना 'टू-थर्ड्स'.

हायफन हलला की पैसे कसे हलतात ते बघा. 'ट्वेन्टी फाइव्ह-रुपी नोट्स' म्हणजे पाचाच्या वीस नोटा, शंभर रुपये. 'ट्वेन्टी-फाइव्ह रुपी नोट्स' म्हणजे एकेक रुपयाच्या पंचवीस नोटा, पंचवीस रुपये. 'ट्वेन्टी-फाइव्ह-रुपी नोट्स' म्हणजे पंचवीस रुपयांच्या नोटा, ज्या आपल्या चलनात नाहीतच. कॅश मेमोवर असलं कोडं घालण्यापेक्षा 'ट्वेन्टी नोट्स ऑफ फाइव्ह रुपीज ईच' असं लिहावं. वाक्य फिरवून हायफन टाळता येत असेल तर जरूर टाळा, त्यात कमीपणा नाही.

मोजमाप नामाआधी आलं की दोन गोष्टी घडतात: हायफन येतो आणि अनेकवचन जातं. 'फाइव्ह-स्टार हॉटेल', 'टू-आवर जर्नी', 'टेन-इयर-ओल्ड बॉय'. शेवटच्यात दोन हायफन आहेत, एक देऊन थांबू नका. नामानंतर 'द बॉय इज टेन इयर्स ओल्ड', हायफन गेले आणि 'इयर्स' परत आलं. मराठीही हेच करते. आपण 'पाचमजली इमारत' आणि 'तीनपदरी रस्ता' म्हणतो, 'पाचमजले इमारत' म्हणत नाही.

घोटाळा होतो तो रजेच्या अर्जात. 'तीन दिवसांची रजा' डोक्यात असते आणि कागदावर 'थ्री डेज लीव्ह' उतरतं, ना हायफन ना अपॉस्ट्रॉफी. एक तर 'थ्री-डे लीव्ह' लिहा, नाहीतर 'डेज'च्या एसनंतर अपॉस्ट्रॉफी द्या. दोन्ही एकदम नको.

एककाचं चिन्ह असेल तर हायफन नाही, मोकळी जागा. '१० किमी रन'मध्ये नाही, 'टेन-किलोमीटर रन'मध्ये आहे. रुपयाचं चिन्ह असलेल्या '₹५० लाख फ्लॅट'मध्येही नाही.

ऑफिसच्या मेलमध्ये सगळे 'काइंडली फॉलो-अप', 'प्लीज लॉगिन', 'वी विल बॅकअप द डेटा' असं लिहितात. साहेब म्हणतात चूक आहे, पण का ते सांगत नाहीत.
(कर्मचारी, अंधेरी पूर्व)

साहेब बरोबर आहेत. हे शब्द क्रियापद असताना दोन सुटे शब्द असतात आणि नाम झाले की जोडले जातात. 'प्लीज फॉलो अप विथ द व्हेंडर', पण 'आय सेंट अ फॉलो-अप'. 'प्लीज लॉग इन', पण 'युअर लॉगिन हॅज एक्स्पायर्ड'. 'बॅक अप द डेटा', पण 'द बॅकअप फेल्ड'.

ओळखायला भूतकाळ करा. 'फॉलोड अप' होतं, 'फॉलो-अप्ड' होत नाही. प्रत्यय पहिल्या शब्दाला लागतोय, म्हणजे ते क्रियापद आहे, सुटं लिहा. किंवा मोठ्याने म्हणून बघा: क्रियापदात जोर 'अप'वर येतो, नामात पहिल्या शब्दावर.

नाम झाल्यावर हायफनने जोडायचं की एकसंध, याला नियम नाही, सवय आहे. 'लॉगिन', 'बॅकअप', 'सेटअप', 'टेकओव्हर' आता एकसंध झालेत. 'फॉलो-अप', 'चेक-इन', 'मिक्स-अप' अजून रेघ धरून आहेत. ही सहा-सात रूपं कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवा, रोजचं काम त्यावर भागेल.

उपसर्गांपुढे हायफन कधी द्यायचा? मुलांच्या पुस्तकात 'रीराइट' जोडून आहे, 'सेल्फ-रिस्पेक्ट' तोडून आहे, 'नॉन' तर दोन्ही प्रकारे दिसतं.
(इंग्रजीच्या शिक्षिका, विलेपार्ले)

उपसर्ग मुळात जोडूनच लिहायचा: 'अनहॅपी', 'प्रीपेड', 'रीराइट', 'सबवे'. आपलं खास भारतीय 'प्रीपोन'सुद्धा एकसंधच. हायफन लागतो तो काही कारण असेल तर, आणि मुलांना नियमाऐवजी ही कारणं शिकवली तर लक्षात राहतात.

पहिलं कारण, पुढे मोठं अक्षर किंवा आकडा आला: 'प्री-इंडिपेंडन्स', 'अँटी-ब्रिटिश', 'नॉन-इंडियन', 'मिड-१९७०ज'. छोट्या उपसर्गाच्या पोटात मोठं अक्षर अडकवता येत नाही.

दुसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं कारण, जोडला तर वेगळाच शब्द होतो. 'रिझाइन' म्हणजे राजीनामा देणं, 'री-साइन' म्हणजे पुन्हा सही करणं. उच्चारात फरक आहे, पण स्पेलिंग तेच. कंत्राट पुढे चालू ठेवणाऱ्या माणसाबद्दल हायफन विसरून मेल गेला, तर लोक निरोप समारंभाच्या तयारीला लागतील. 'रिकव्हर' म्हणजे बरं होणं किंवा वसूल करणं, 'री-कव्हर' म्हणजे सोफ्याला नवं कापड चढवणं. 'रिलीज' म्हणजे सोडणं, 'री-लीज' म्हणजे जागा पुन्हा भाडेपट्ट्याने देणं. भाडेकरूशी पत्रव्यवहार करताना हा फरक चांगलाच महाग पडू शकतो. 'रिक्रिएशन' म्हणजे करमणूक, 'री-क्रिएशन' म्हणजे पुन्हा निर्मिती.

तिसरं कारण, तोच स्वर दोनदा येऊन वाचणारा अडखळतो: 'री-एंटर', 'अँटी-इन्फ्लेमेटरी'. इथे दोन गोटांत मतभेद आहे. ब्रिटिश लिखाण 'प्री-एमिनंट', 'री-इलेक्ट' असं हायफनने लिहितं, अमेरिकी लिखाण जोडून टाकतं. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनेही २०१९ साली दोन 'ई'मधला हायफन अशा शब्दांतून काढला. आपल्या शाळांत ब्रिटिश स्पेलिंग चालतं, तेव्हा रेघ ठेवणारं रूप शिकवा, पण जोडून लिहिणाऱ्या मुलाचे गुण कापू नका.

मग काही उपसर्ग असे आहेत की हायफन सोडतच नाहीत. 'सेल्फ' त्यातला पहिला: 'सेल्फ-रिस्पेक्ट', 'सेल्फ-स्टडी', आणि प्रत्येक सरकारी फॉर्मवर दिसणारं 'सेल्फ-अटेस्टेड'. 'सेल्फिश' आणि 'सेल्फलेस' जोडून, कारण तिथे 'सेल्फ' हा उपसर्ग नाहीच, तो मूळ शब्द आहे आणि पुढे प्रत्यय लागलाय. दुसरा 'एक्स', म्हणजे माजी: 'एक्स-सर्व्हिसमन', 'एक्स-स्टुडंट'. लांब पदनामाला मात्र 'एक्स' लावू नये. 'एक्स-म्युनिसिपल कमिशनर' लिहिलं की माजी आयुक्त की माजी म्युनिसिपल, असा प्रश्न उरतोच, कारण रेघ फक्त शेजारच्या शब्दाला धरते. तिथे 'फॉर्मर' हा सुटा शब्द वापरा, प्रश्न मिटला.

'नॉन'चं दुखणंही तेच. 'नॉन-रेसिडेंट इंडियन'मध्ये माणूस निवासी नाही, भारतीय आहेच, म्हणून रेघ फक्त पहिल्या जोडीत. अमेरिकी लोक 'नॉनप्रॉफिट' वगैरे जोडून लिहितात. भारतात 'नॉन-व्हेज'ला बहुतेक ठिकाणी हायफन दिसतो आणि तो मोडायचं काही कारण नाही.

'व्हाइस-प्रेसिडेंट' आणि 'अटर्नी-जनरल' यांत आपली राज्यघटना हायफन देते, अमेरिकी वर्तमानपत्रं देत नाहीत. सामान्यज्ञानाच्या पेपरात भारताच्या उपराष्ट्रपतींबद्दल लिहिताना घटनेतलं रूप वापरावं.

डीटीपी करताना हायफन, छोटा डॅश आणि मोठा डॅश यांत गोंधळ होतो. ओळीच्या शेवटी शब्द तुटतो तेव्हाचं काय?
(अक्षरजुळणीचं काम करणारे, गिरगाव)

हायफन शब्द जोडतो. छोटा डॅश, म्हणजे एन डॅश, 'पासून–पर्यंत' सांगतो: '१९६०–१९८०', 'चर्चगेट–विरार'. मोठा, म्हणजे एम डॅश, वाक्य तोडतो. कीबोर्डवर फक्त हायफन असतो, त्यामुळे सगळीकडे तोच टाकला जातो. वर्डमध्ये कंट्रोल दाबून आकडी कीबोर्डवरचं वजाचं बटण दाबलं की एन डॅश येतो. इंग्रजीत 'फ्रॉम' लिहिलं असेल तर पुढे डॅश चालत नाही, 'फ्रॉम टेन टू फाइव्ह' असं अक्षरीच हवं.

'री-साइन' किंवा 'टी-शर्ट' ओळीच्या टोकाला तुटू नये असं वाटत असेल, तर कंट्रोल-शिफ्ट-हायफनने न तुटणारा हायफन टाका. त्याचा एक तोटा आहे: तो दिसतो सारखाच, पण संगणकासाठी वेगळं अक्षर असतो. त्यामुळे ती फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेली की साधा हायफन टाकून शोधलेला शब्द कधीकधी सापडत नाही, तर काही फॉन्टमध्ये त्या जागी चौकोन येतो. फाइल छपाईला देण्याआधी पीडीएफ उघडून एकदा डोळ्यांखालून घालाच.

ओळीच्या शेवटी हाताने हायफन टाकून शब्द तोडणं ही सगळ्यात वाईट सवय. उद्या मजकुरात दोन शब्द वाढले की ओळ सरकते आणि तो हायफन ओळीच्या मध्यात येऊन बसतो. त्याऐवजी कंट्रोल-हायफनने ऐच्छिक हायफन टाका, तो ओळ तुटली तरच दिसतो. आपोआप तोडणी चालू असेल तर परिच्छेदाची भाषा बरोबर लावलीय का ते बघा. इंग्रजीतही दोन परंपरा आहेत: अमेरिकी पद्धत उच्चार बघून तोडते, जुनी ब्रिटिश पद्धत शब्दाची घडण बघून. 'नॉलेज' हा शब्द अमेरिकेत 'एल'नंतर तुटतो, ब्रिटनमध्ये 'नो' हा पूर्ण शब्द सोडून त्याच्यानंतर.

तोडलेल्या पहिल्या तुकड्याचा भलताच अर्थ होत नाही ना, हेही पाहावं. 'लेजंड' तुटून वरच्या ओळीत 'लेग' उरला, की दंतकथेचा पाय होतो. माणसांची नावं, ई-मेलचे पत्ते आणि वेबसाइटचे पत्ते हायफनने तोडू नका. पत्त्यात आपण घातलेली रेघ लोक पत्त्याचाच भाग समजून टाइप करतात.

'टू अँड थ्री-बेडरूम फ्लॅट्स' असं जाहिरातीत छापायचं आहे. बरोबर आहे ना?
(जाहिरात लेखक, बोरिवली)

'टू'नंतर एक हायफन राहिला. 'टू- अँड थ्री-बेडरूम फ्लॅट्स' हवं. पहिल्या शब्दाची 'बेडरूम' पुढे येणार आहे, हे ती लोंबती रेघ सांगते. 'फर्स्ट- अँड सेकंड-क्लास पास'चंही तसंच. रेघेनंतर जागा सोडायची, आधी नाही. मोठ्या अक्षरांच्या होर्डिंगवर ही रेघ चुकून राहिल्यासारखी दिसते हे खरं. तिथे 'टू-बेडरूम अँड थ्री-बेडरूम' असं पूर्ण लिहा, किंवा सरळ २ आणि ३ बीएचके लिहून मोकळे व्हा.

दोन शब्दकोश दोन वेगळी रूपं देतात. कोणाचं ऐकायचं?
(अनुवादक, दादर)

कोणाही एकाचं, पण शेवटपर्यंत त्याचंच. शब्दकोश चुकत नाहीत, शब्द मधल्या काळात सरकलेले असतात. इंग्रजी जोडशब्द बहुधा आधी सुटे असतात, मग हायफन घेतात आणि रुळले की एकसंध होतात. जुन्या इंग्रजी पुस्तकांत 'टू-डे' आणि 'टू-मॉरो' सर्रास सापडतं. 'ई-मेल'मधला हायफन असोसिएटेड प्रेसने २०११ साली काढला. काही शब्द उलटे जातात. शॉर्टर ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या २००७च्या सहाव्या आवृत्तीत सुमारे १६,००० शब्दांचे हायफन गेले. 'बंबलबी', 'चिकपी', 'क्रायबेबी' एकसंध झाले, तर 'आइस क्रीम' आणि 'फिग लीफ' सुटे.

म्हणून घरात जुना कोश असेल तर त्याची आवृत्ती कुठल्या सालची ते आधी बघा. मोठ्या अनुवादाला बसताना एक साधी वही किंवा फाइल ठेवा. पहिल्यांदा ज्या रूपात शब्द वापराल, ते रूप पान क्रमांकासह त्यात टिपा. दोनशे पानांनंतर 'डिसिजन-मेकिंग'ला हायफन दिला होता की नाही, हे कोणाच्याही लक्षात राहत नाही. काम संपल्यावर त्या यादीतला एकेक शब्द तिन्ही रूपांत शोधायचा: सुटा, हायफनने आणि जोडून. हायफनचं तपासणं म्हणजे मुख्यतः एवढंच, आणि ते कंटाळवाणं असतं.

इंग्रजीच्या नादाने मराठीतही 'सह-संपादक', 'उप-अध्यक्ष', 'गैर-समज' असं दिसायला लागलंय. हे चालेल का?
(मुद्रितशोधक, प्रभादेवी)

नको. 'सहसंपादक', 'उपाध्यक्ष', 'गैरसमज', 'बिनशर्त' हे एकाच शिरोरेघेखाली येतात. 'माजी' हा स्वतंत्र शब्द आहे, तो सुटा: 'माजी नगरसेवक'. 'आई-वडील', 'चहा-पाणी' यांसारख्या जोड्या संयोगचिन्हानेही दिसतात आणि जोडूनही, एका मजकुरात एक पद्धत ठेवा. 'दहा-बारा', 'येता-जाता' यांत चिन्ह हवंच.

एका जागी मात्र आम्ही संयोगचिन्हाच्या बाजूने आहोत. 'उपअभियंता' वाचताना जीभ अडखळते, संधी करून 'उपाभियंता' कोणी म्हणत नाही, आणि 'उप अभियंता' असं तोडलं तर 'उप' पोरका होतो. तिथे 'उप-अभियंता' लिहावं. कारण तेच, मुलुंडच्या सोसायटीच्या पाटीवरचं: दोन स्वर एकमेकांना भिडतात आणि वेगळे ऐकू यायला हवेत.

झटपट प्रश्न

*'सिस्टर-इन-लॉ'चं अनेकवचन?* 'सिस्टर्स-इन-लॉ'. वाढतात त्या बहिणी, कायदा नाही.

*'एक्स-रे', 'टी-शर्ट', 'यू-टर्न'?* एकटं अक्षर आणि पुढे शब्द असेल तर हायफन. 'ईमेल' हा त्यातून सुटलेला अपवाद, 'ई-तिकीट' अजून सुटलेलं नाही. मराठीत लिहितानाही 'टी-शर्ट'च ठेवा, 'टीशर्ट' लिहिल्यावर वाचणारा क्षणभर थांबतो.

*'अँग्लो-इंडियन'मध्ये हायफन का, 'साउथ इंडियन'मध्ये का नाही?* 'अँग्लो' एकटा उभा राहू शकत नाही, त्याला पुढच्या शब्दाचा आधार लागतो. 'साउथ'ला लागत नाही.

*'मॅन ईटिंग फिश'?* हायफन नसेल तर जेवणाच्या ताटावर बसलेला माणूस. हायफन असेल तर माणूसच ताटात.